गॅलरीत माणसं यावीत म्हणून: वर्ग, बैठकी आणि हिशोबाची वही

प्रश्न असा आला आहे: जुळे सोलापुरात आम्ही चौदा जणांनी मिळून एक हॉल भाड्याने घेतला. त्यात चित्रकार आहेत, दोन मूर्तिकार, एक छायाचित्रकार आणि हातकाम करणाऱ्या तिघी आहेत. वर्षभरात चार प्रदर्शनं झाली. उद्घाटनाला गर्दी होते, दुसऱ्या दिवसापासून आम्हीच एकमेकांची चित्रं बघत बसतो. आता वर्ग आणि महिन्याचे मेळावे सुरू करायचे म्हणतोय. काय शिकवावं, फी किती ठेवावी, लोक कसे जमवावेत, आणि सहकारी संस्था म्हणून नोंदणी करावी का?

‘आम्हीच एकमेकांची चित्रं बघत बसतो’ हे वाचून हसू आलं. आमची पहिली दोन वर्षं तशीच गेली होती. सोलापूर शहराच्या पूर्व भागात, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर अकरा जणांनी सुरू केलेली आमची गॅलरी आज सोळाव्या वर्षात आहे. चित्रांच्या विक्रीवर ती एक वर्षसुद्धा चालली नसती. चालली ती मधल्या खोलीतल्या दोन लांब टेबलांमुळे.

पहिल्या वर्षी मी दारात बसून एक गोष्ट पाहिली. लोक उंबऱ्यापर्यंत यायचे, आत डोकवायचे, आणि चप्पल काढायची की नाही तेच न कळून परत जायचे. आत गेलं तर काहीतरी घ्यावं लागेल, कुणी अर्थ विचारला तर आपल्याला काय सांगता येणार, अशी धास्ती. आपल्या गावात माणूस देवळात बिनधास्त जातो, दुकानात जातो, नाटकाला जातो. गॅलरीत काय करायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हातात कात्री किंवा सुई-दोरा दिला की तो प्रश्नच उरत नाही. मग तोच माणूस पाणी प्यायला उठतो, भिंतीपाशी थांबतो, आणि विचारतो, ‘हे कुणी काढलंय?’ तुमच्या चित्राकडे त्यानं खऱ्या अर्थानं पाहिलेली ती पहिली वेळ.

म्हणून भिंती भरण्याआधी टेबल भरा. कशानं भरायचं, ते तुमच्या आवडीवर ठरवू नका. हॉलच्या आसपास अर्ध्या तासाच्या अंतरात कोणते हात आहेत, ते आधी बघा.

आम्ही इथेच चुकलो होतो. पहिला वर्ग तैलरंगाचा काढला. फी तेव्हाच्या मानानं जबर, रंग महाग, आले चार जण, त्यातले दोघे आमच्याच सभासदांचे भाचे. आणि समोरच्या गल्लीत कोण होतं? तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली घरं, ज्यांनी सोलापुरी चादर आणि टॉवेल घडवला. दोन्हीला आज भौगोलिक मानांकन आहे. विड्या वळणाऱ्या बायका, ज्यांची बोटं मोजमाप न करता तेंदूची पानं एकसारखी कापतात. चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवून देणारे ग्राफवाले. माझे वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, आमच्या घरी खुंटीला लटकलेला. तरी मला विणकामाचा वर्ग सुचायला दोन वर्षं लागली. शिकून आलेल्या माणसाला घरातलं दिसत नाही, हे माझ्याच बाबतीत खरं ठरलं.

सुचवलं एका मामांनी. ग्राफ काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. प्रदर्शनात एका सभासदाच्या अमूर्त चित्रापुढे उभं राहून म्हणाले, ‘हे मागावर येईल की. सहा रंगांत बसवतो.’ पुढच्या रविवारी ते चौकटीचा कागद घेऊन आले आणि एका पोपटाचं चित्र चौकोनाचौकोनानं कसं फोडायचं, तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनी कशी चढवायची, गोलाई दुरून गोल दिसावी म्हणून कुठला चौकोन सोडून द्यायचा, हे दोन तास दाखवत बसले. संगणकावर काम करणारी पोरं तोंड उघडं टाकून बघत होती. आमचा पहिला भरलेला वर्ग तो.

आता विणकामाच्या वर्गाची नीट माहिती देते, कारण सोलापुरात हा वर्ग सर्वांत स्वस्तात उभा राहतो. माग घेऊ नका, जागा खातो. बारा बाय सोळा इंचांची लाकडी चौकट सुताराकडून करून घ्या, वरच्या-खालच्या पट्टीला अर्ध्या सेंटिमीटरवर बिनडोक्याचे खिळे. शेजारच्या खिळ्यांची रांग थोडी वर-खाली ठेवली तर लाकूड चिरत नाही. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, दोनपदरी पिळाचं जाड सूत लावा, एकपदरी तुटतं आणि नवखा माणूस पहिल्याच दिवशी हिरमुसतो. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, काहीही चालतं: कारखान्यात उरलेल्या कांड्या, टॉवेलच्या कडांच्या पट्ट्या, चिंध्या. हा माल किलोवर मिळतो, फक्त ओळख लागते. जुन्या जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, भोकं पाडलेले पत्ते भंगारात दिसले तर तेही उचला. मुलं त्यातून स्पंजानं रंग थोपटतात आणि आपोआप नक्षी उमटते.

नवशिक्याची अडचण शंभरातल्या नव्वदांची एकच असते: विणत वर गेलं की कापड मधे कंबरेसारखं बारीक होत जातं. बाण्याचा धागा सरळ ताणून ओढल्यानं असं होतं. धागा ओवताना त्याची कमान ठेवायची, मग मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे फणीनं दाबत जायचं. कमानीतला जादा धागा ताण्यांच्या वर-खाली जाण्यात खपतो आणि कड जागेवर राहते. फणी म्हणून जेवणाचा काटाचमचा किंवा रुंद दातांचा कंगवा चालतो. हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलंत तर तीन तासांत प्रत्येकाच्या हातात वीतभर विणलेलं काहीतरी असेल. आणि ते असलंच पाहिजे. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं घरी गेलेला माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही.

ठशांच्या छपाईलाही इथे फार खर्च नाही. छपाईचं टेबल मऊ लागतं, आणि त्यासाठी सोलापुरात विकत काय घ्यायचं? जुन्या चादरींच्या तीन-चार घड्या, वर ताणून बसवलेली मांजरपाटाची पांढरी पट्टी. कापड मात्र आधी धुऊन खळ काढलेलं हवं, नाहीतर रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात उतरतो. छापल्यावर एक दिवस वाळू द्या, मग उलट बाजूनं गरम इस्त्री. कार्यशाळेतून लोक ओलं कापड घेऊन जातात, इस्त्री करत नाहीत, आणि महिन्यानं येऊन ‘तुमचा रंग गेला’ म्हणतात. आम्ही आता प्रत्येकाच्या पिशवीत चिठ्ठी टाकतो.

नैसर्गिक रंगांची हौस सगळ्यांना असते. पण आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे वेळापत्रक करताना विसरू नका. एक किलो कापड एका रंगात शिजवायला वीस-तीस लिटर पाणी लागतं. आधीची धुलाई, हरड्यात आणि तुरटीत बुडवणं, शेवटचं खळबळणं वेगळं. म्हणून हा वर्ग आम्ही वर्षातून एकदाच, पावसाळा संपता संपता घेतो आणि रुमालाएवढेच तुकडे देतो. बोअरचं पाणी जड असतं म्हणून नाकं मुरडू नका. मंजिष्ठेचा लाल जड पाण्यात उलट जास्त खुलतो, त्यातला चुना त्याला मानवतो. मात्र पाण्यात लोह असेल तर सगळे रंग काळवंडतात, झेंडूचा पिवळा थेट शेवाळी होतो. आदल्या दिवशी एक चिंधी रंगवून बघा, पंधरा जणांसमोर तोंडघशी पडायला नको.

बाटिकबद्दल, म्हणजे कापडावर मेण लावून रंगवण्याबद्दल, एक इशारा, तो आमच्या फजितीतून. दुसऱ्या वर्षी आमच्या एका वर्गात मेण थेट गॅसवर ठेवलेलं होतं. गप्पांत लक्ष गेलं नाही, धूर झाला आणि पातेल्यानं पेट घेतला. कुणीतरी पाण्याचा तांब्या उचलला होता. मी ओरडले म्हणून थांबला. जळत्या मेणावर पाणी ओतलं तर भडका उडून मेण चौफेर शिंतडतं. झाकण टाकायचं, गॅस बंद करायचा, बास. तेव्हापासून मेणाचं भांडं नेहमी पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवतो, शेजारी त्याच मापाचं झाकण, आणि एक माणूस फक्त त्या शेगडीपाशी. मुलांना बाटिक नाही म्हणजे नाही.

तरी बाटिकचं नाव काढलं की मला चोळमंडल आठवतं. १९६६ साली मद्रासजवळ के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकारानं चित्रकारांचं हे गाव वसलं, ते मुख्यतः बाटिक आणि हातकामाच्या विक्रीतून साठवलेल्या पैशांवर. दिवसातला काही वेळ हातकाम, उरलेला वेळ स्वतःचं चित्र. ती सगळी नावाजलेली मंडळी, पण कापडावर मेण लावताना कुणाची जात गेली नाही. तुमच्या चौदा जणांत ‘आपण कलाकार, हे काय शिवण-टिपण’ असं म्हणणारा एक तरी असेल. आमच्याकडे तिघे होते. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना बारा जणांच्या वर्गाची नोंदवही सांभाळायला द्या.

शाडूच्या गणपतीचा वर्ग तुम्ही कराच, तो न सांगता भरतो. फक्त तारीख चतुर्थीच्या निदान बारा दिवस आधीची ठेवा. आठ इंचांची मूर्ती सावलीत वाळायला आठवडा जातो, मग रंग. आपल्याकडची हवा कोरडी, पंख्याखाली किंवा उन्हात ठेवलेली मूर्ती गळ्याशी आणि सोंडेपाशी तडकते. मातीत पिंजलेला कापूस किंवा कागदाचा लगदा मळा, पोट आतून पोकळ ठेवा, पहिले दोन दिवस ओलसर फडक्यानं सैल झाका. आणि हात धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका. घरमालकाशी आमचं पहिलं भांडण तुंबलेल्या मोरीवरून झालं. बादलीत हात धुवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना, खालची माती पुढच्या वर्गाला.

विडी कामगार बायकांचं मघाशी म्हटलं, ते अर्धंच सांगितलं. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबात असते, वेळ गेला की पैसे गेले. फुकट वर्ग ठेवला तरी त्या येत नाहीत, कारण त्यांना तो फुकट पडत नाही. आम्ही उलटं केलं. कुंभारीच्या घरकुलात राहणाऱ्या दोघी अक्कांना कागद कातरकामाच्या वर्गाला शिकवायला बोलावलं, मानधन देऊन. घडी घातलेल्या कागदात एकसारखे वीस कप्पे डोळ्यांच्या अंदाजानं कापताना त्यांना बघून आमचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, हे मला चाळीस वर्षांत जमलं नाही. त्यांचं मानधन आणि कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या आमच्या सभासदाचं मानधन आम्ही सारखं ठेवलं. त्यावरून कमिटीत तीन तास खडाजंगी झाली, एकानं राजीनामाही दिला, पुढच्या महिन्यात परत घेतला. मी आजही त्या ठरावाच्या बाजूनं आहे.

तुमची जागा जुळे सोलापुरात आहे, म्हणजे तुमच्याकडे वेगळे लोक येणार. निवृत्त शिक्षक, बँकेतली मंडळी, शाळकरी मुलांच्या आया. हे लोक वेळेवर येतात, फी आगाऊ देतात आणि प्रश्न फार विचारतात. त्यांच्यासाठी जलरंग, सुलेखन, गोधडी उत्तम चालेल. गोधडीच्या वर्गाला पहिल्या दिवशी एक आजी आल्या होत्या, ‘हे काय शिकवायची गोष्ट आहे?’ म्हणून हसून गेल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच शिकवत होत्या आणि आम्ही बसून टाके घालत होतो. जलरंगाचा वर्ग एप्रिल-मेमध्ये दुपारी ठेवू नका. पारा त्रेचाळीसला गेला की कागदावरचा ओला रंग पसरवेपर्यंत वाळतो, कडा पडतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. सकाळी सात ते साडेनऊ घ्या.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पालक विचारतीलच. कला संचालनालयाच्या या चित्रकलेच्या परीक्षांतल्या इंटरमिजिएटला दहावीला सवलतीचे गुण आहेत, त्यामुळे जुलैपासून गर्दी लोटते. घ्या तो वर्ग. भाडं त्यातून सुटतं. पण तो वेगळ्या वारी ठेवा आणि त्याची सावली बाकीच्या वर्गांवर पडू देऊ नका. एक साल आम्ही पावसाळाभर फक्त स्मरणचित्र आणि भूमितीच घोकून घेतली. हॉल भरलेला, हातात पैसा, आणि दिवाळीनंतर एक मूल परत आलं नाही. उन्हाळी शिबिराचंही तसंच, पैसे मिळतात, पण मुलांना साडेअकराला न्यायला या असं छापून दिलं तरी दीड वाजेपर्यंत कुणीतरी पोर पायरीवर बसलेलं असतं. त्यासाठी एका सभासदाची पाळी आधीच लावून ठेवा.

आता बैठकीकडे येते. मेळावा हा शब्दच मी टाळते. मेळावा म्हटलं की मंडप, माइक आणि प्रमुख पाहुणे येतात. पाहुणे दीड तास उशिरा येतात, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, आणि कलेची पाळी येईपर्यंत लोकांची रिक्षा निघून जाते. आम्ही महिन्याचा शेवटचा शनिवार धरला, संध्याकाळी सहा ते आठ. आपलं हातातलं काम घेऊन यायचं आणि बसून करायचं. विणा, शिवा, चित्र काढा, तुटलेली खुर्ची विणा, पत्रिकेवर नावं लिहा. भाषण नाही, स्पर्धा नाही, फी नाही. चहाचा डबा दारात ठेवलेला, ज्यानं त्यानं इच्छेनुसार टाकायचं. हिवाळ्यात कुणीतरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणतं.

पहिले चार महिने आम्ही पाच-सहा जण होतो. बंद करूया असा सूर निघाला. नाही केलं, आणि तारीखही हलवली नाही. पाऊस असो, सामना असो, लग्नाची तिथी असो. लोकांना तारीख पाठ व्हायला सहा-सात महिने लागतात. मग एका शनिवारी पंचवीस जण निघाले. त्यात सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका होती, जी रात्रपाळीच्या आधी दोन तास कशिदा काढून जायची. एक गृहस्थ वडिलांचा धोटा दुरुस्त करायला घेऊन आले आणि तो हातात घेऊन नुसतेच बसून राहिले. टेबलावर एका वेळी तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी चालते; शिकवण्याचं काम बोटं करतात. बैठकीतून पैसा येत नाही. पण पैशाच्या वर्गांत येणारी निम्मी माणसं आधी बैठकीला येऊन गेलेली असतात, म्हणून कमिटीत कुणी ‘बैठकीला पन्नास रुपये लावू’ म्हणालं की मी हात वर करून नाही म्हणते. एक नियम तेवढा ठेवा: दर बैठकीला एक यजमान नेमलेला असावा. त्यानं स्वतःचं काम आणायचं नाही. नवा माणूस दारात दिसला की उठायचं, आत आणायचं, कुणाच्या तरी शेजारी बसवायचं. हे न झाल्यानं जुनी मंडळी आपसात रमतात आणि नवा माणूस दहा मिनिटांत फोनवर बोलत बोलत बाहेर पडतो.

वर्षातून दोन-तीनदा बैठक बाहेर न्या. भुईकोट किल्ला किंवा सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी स्केचिंग, हे तर तुम्ही करतच असाल. पण संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात मानाच्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघतात तेव्हा जा. बाराबंदी घातलेली पांढऱ्याशुभ्र कपड्यांची माणसं, भर उन्हात, एकाला एक खेटून. पांढऱ्यावर पांढरं कसं दाखवायचं, सावलीत तो निळसर का होतो, अंगावरून परतलेल्या उजेडानं पिवळट का होतो, हे खोलीत बसून शिकवायला मला सहा तास लागतात. जागा पहाटे धरा, नुसत्या रेषा घ्या, रंग घरी. आणि नवरात्राच्या दिवसांत पूर्व भागातल्या बायका बतुकम्मा रचतात, फुलांच्या थरावर थर. रंगसंगतीचा त्याहून चांगला वर्ग मी घेतलेला नाही. तिथे शिकवायला जाऊ नका, परातीपाशी बसून फुलं निवडायला मदत करा.

हिशोब. इथेच संस्था फुटतात, म्हणून सविस्तर. आमची पद्धत अशी: फीमधून आधी साहित्याचा खर्च काढायचा, उरलेल्यातले ६५ टक्के शिकवणाऱ्याला, ३५ टक्के गॅलरीला. समजा सहा रविवारांच्या वर्गाला बारा जण, प्रत्येकी ९०० रुपये. जमा १०,८००. साहित्य २,४०० गेलं, राहिले ८,४००. शिकवणाऱ्याला ५,४६०, गॅलरीला २,९४०. आमचं भाडं तेव्हा महिना नऊ हजार होतं. म्हणजे महिन्याला असे तीन वर्ग संपले तरी १८० रुपये कमीच. हा आकडा भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे ‘एवढे वर्ग होतात, पैसे जातात कुठे’ हा प्रश्न कुणी विचारणार नाही. फी पूर्ण सत्राची आगाऊ घ्या, दर रविवारची घेतली की तिसऱ्या रविवारी निम्मे येतात. बारांवर एक जणही घेऊ नका, लागलं तर दुसरी तुकडी काढा. बारांतल्या दोन जागा बिनफीच्या ठेवा आणि त्या कुणाच्या, हे फक्त नोंदवही सांभाळणाऱ्याला माहीत असू द्या.

चित्रविक्रीचं कमिशन सभासदांकडून २५ टक्के, पाहुण्या कलाकारांकडून ३५. त्यावर भांडण झालेलं नाही. भांडण होतं ते पाळीवरून. गॅलरी उघडायची कुणी, झाडायची कुणी, कुलूप कुणी लावायचं? पहिल्या दोन वर्षांत आमच्याकडे नियमच नव्हता. तिघी राबत होत्या, बाकीचे प्रदर्शनाला येत होते. त्यातली एक सोडून गेली, ती आमच्यातली सर्वांत चांगली चित्रकार होती. आता दर सभासदाला महिन्याला दोन पाळ्या, चुकली तर २०० रुपये किंवा बदली माणूस. गिरणगावच्या पोरांना पाळी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

वर्गाचं काम संपलं की ते भिंतीवर लावा. एक भिंत कायमची त्यासाठीच सोडा. बारा जणांचं काम दोन दिवस लागलं की त्यांचे पन्नास नातेवाईक येतात, आणि शेजारच्या भिंतीवर तुमची चित्रं असतात. ‘दर्जा खालावतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना त्या दोन दिवसांची अभ्यागतांची वही दाखवा.

नोंदणीचं. घाई करू नका. वर्षभर एका लेखी समजुतीवर चालवा, सगळ्यांच्या सह्या घ्या, मग ठरवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली संस्था काढायची तर वेगवेगळ्या कुटुंबांतले निदान १० प्रवर्तक लागतात. तुमच्यात नवरा-बायको दोघं असतील तर मोजताना ते एकच घर. सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. मला सहकारातली ही गोष्ट सर्वांत आवडते. नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. दर वर्षी लेखापरीक्षण, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. नेमके तेच गणपती-नवरात्राच्या धांदलीचे दिवस, म्हणून आम्ही सभा ऑगस्टमध्येच उरकतो. वर्गाला नियमित येणाऱ्यांना नाममात्र सभासद करून घेता येतं. त्यांना मत नाही, नफ्यात वाटा नाही, पण आपलेपणा वाटतो.

दुसरा रस्ता न्यासाचा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करून. त्यात देणग्या मिळणं सोपं जातं, पण नफा सभासदांत वाटता येत नाही. तुम्ही चौदा जण आपल्या मालाची विक्री आणि शिकवणी एकत्र करून त्यातून कमावणार असाल, तर सहकारीच बरी. फक्त आपल्याकडे सहकार म्हटलं की लोकांना साखर कारखाना आणि पॅनेल आठवतं. निवडणूक आली की कलाकार मंडळीसुद्धा दोन गट पाडतात, आम्ही पाडले होते. उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नियमांत, एवढं घालून घ्या की सलग दोन मुदतींनंतर पदाधिकाऱ्यानं एक मुदत बाजूला बसायचं. मसुदा देण्याआधी उपनिबंधक कार्यालयात एकदा विचारून या, तिथला कारकून अर्ध्या तासात जे सांगतो ते वकील आठवडाभरात सांगत नाही.

राहिली जाहिरात. फ्लेक्स लावू नका. वाढदिवसांच्या फ्लेक्समध्ये तुमचा दिसणारही नाही. बाहेरच्या भिंतीवर शाळेसारखा एक फळा रंगवून घ्या आणि दर सोमवारी खडूनं लिहा: या रविवारी काय, किती वाजता, किती रुपये, चप्पल बाहेर की आत. आमच्या गल्लीतली पोरं रोज तो वाचतात, चुका काढतात, कधी कधी स्वतःच दुरुस्त करून जातात. पावसाळ्यानंतर फळ्याला एकदा काळा रंग द्यावा लागतो, तेवढा खर्च वर्षाच्या अंदाजात धरून ठेवा.